पक्षाघातानंतर पडणं टाळण्यासाठी मोबाईलवरून कसं शिकवावं

घरातल्या ज्येष्ठांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला आणि ते हॉस्पिटलमधून घरी आले, की मुलगा, सून, भाचे, शेजारी सगळे त्यांच्या फोनवर व्हिडिओ पाठवू लागतात. तोल सांभाळण्याचे व्यायाम, बाथरूममध्ये घ्यायची काळजी, असं बरंच काही. आजोबा ते बघतात, ‘कळलं’ म्हणतात, आणि संध्याकाळी काठी न घेताच मोरीकडे निघतात. मग घरचे वैतागतात, एवढं दाखवलं तरी ऐकतच नाहीत म्हणून.

मुद्दा ऐकण्या-न ऐकण्याचा नसतो. शिकवण्याचा क्रम चुकलेला असतो. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते आणि फोन हे या कामाचं उत्तम साधन आहे असं माझं मत आहे, पण तो नीट वापरला तरच. दुसऱ्या कुणाच्या तरी घरात, धडधाकट माणसाने करून दाखवलेली हालचाल आपल्या माणसाच्या अंगवळणी पडत नाही. कामाचा व्हिडिओ तुमच्याच घरात, तुमच्याच आईला किंवा वडिलांना घेऊन काढावा लागतो. आणि तो नुसता दाखवून भागत नाही, त्यांच्याकडून करून घ्यावा लागतो. त्यासाठीचे टप्पे पुढे दिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

टप्पा १ : झटक्याने काय नेलं, ते आधी समजून घ्या

फोन हातात घेण्याआधी डॉक्टरांना आणि फिजिओला विचारा: नजर दोन्ही बाजूंना पूर्ण आहे का? बोललेलं किती समजतं? एका बाजूकडे दुर्लक्ष होतं का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? ही उत्तरं कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यांवर ठरणार आहे.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की शरीराची डावी बाजू लुळी पडते. अशा बऱ्याच पेशंटचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण ताटातली डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहते. डावा हात खुर्चीच्या कडेला लोंबकळत असतो आणि त्याची त्यांना शुद्ध नसते. चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला घासतो. यांतल्या काहींना तर आपल्याला काही झालंय हेच पटत नाही. विचारलं तर ‘मी चालतो की व्यवस्थित’ म्हणतात आणि उठूनही उभे राहतात. हा हट्ट नाही, तो आजाराचाच भाग आहे. अशा माणसावर रागावून काही साधत नाही.

इजा डाव्या भागाला असेल तर उजवी बाजू लुळी पडते आणि अनेकदा वाचाघात होतो. म्हणजे शब्द सापडत नाहीत किंवा समोरच्याचं बोलणं नीट कळत नाही. अशा माणसाला लांबलचक सूचनांचा व्हिडिओ दाखवणं म्हणजे त्याला उगीच दमवणं. त्याला चित्र आणि कृती कळते.

तपासा: फोनवर कुटुंबाचा ग्रुप फोटो मोठा करून समोर धरा आणि ‘यात कोण कोण आहे?’ असं विचारा. बोलता येत नसेल तर बोट ठेवायला सांगा. एका बाजूची माणसं सारखी सुटत असतील तर डॉक्टरांना कळवा. हे काही निदान नव्हे, पण सांगण्यासारखी खूण नक्की आहे.

आणखी एक तपासणी घरच्या रक्तदाबाच्या मशीनवर करता येते. पाच मिनिटं आडवं राहिल्यावर रक्तदाब मोजा. मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं करताना शेजारी धरायला माणूस हवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर उठल्यावर चक्कर येऊन पडण्याचा धोका आहे. ते शिकवून सुधारणार नाही. आधी डॉक्टरांकडे जा.

टप्पा २ : फोन तयार करा, आणि फोनपायीच पडणार नाहीत हे बघा

याचा विचार फारसा कुणी करत नाही. फोन आतल्या खोलीत वाजतो, आई घाईने उठते, काठी विसरते, आणि चार्जरची वायर बरोबर वाटेत असते. ज्या वस्तूवरून सुरक्षितता शिकवायची, तीच पडण्याचं कारण ठरते.

म्हणून घरच्या सगळ्यांशी आधी एक नियम ठरवा: फोन वाजला तर वाजू द्यायचा. उचलला नाही तर समोरचा पाच मिनिटांनी पुन्हा करेल. परगावच्या मुलामुलींनाही हे सांगून ठेवा, कारण दोन रिंगमध्ये उचलला नाही की सगळ्यात आधी घाबरतात तेच. फोन अंगावरच हवा: सदऱ्याच्या खिशात, कमरेच्या पाऊचमध्ये, साडी असेल तर छोट्या बटव्यात. चार्जिंग पलंगाजवळ, वायर भिंतीच्या कडेने. आणि चालताना फोन बघायचा नाही, बोलायचाही नाही.

मग सेटिंग. अक्षरं मोठी करा. स्क्रीन लवकर बंद होणार नाही असं ठेवा. स्क्रीन आपोआप फिरणं बंद करा. शिकवताना इतर मेसेजचे आवाज बंद ठेवा. एक हात लुळा असलेल्या माणसाला फोन धरून त्याच हाताने बटण दाबता येत नाही, म्हणून टेबलावर उभा राहणारा स्टँड घ्या. जमलं तर टॅबलेटवर किंवा टीव्हीवर दाखवा. चष्मा पुसलेला आणि कानाचं यंत्र चालू, याचीही खात्री करा.

सावध: यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, आणि बघता बघता माणूस मालिकांपर्यंत पोचतो. शिकवायचे व्हिडिओ गॅलरीत वेगळा अल्बम करून ठेवा.

टप्पा ३ : तीन जागा निवडा, आणि जे हटवता येतं ते आधी हटवा

‘पडू नका, जपून चाला’ हे कुणालाही शिकवता येत नाही, कारण त्यात करण्यासारखं काहीच नाही. शिकवायची ती एकेक ठोस हालचाल. दोन-तीन दिवस नुसतं बघा की तोल कुठे जातो, हात भिंतीला कुठे टेकतो, पाय कुठे अडखळतो. बहुतेक घरांत याच तीन जागा निघतात: रात्री पलंगावरून उठून संडासला जाणं, मोरीत अंघोळ, आणि उंबरठा. झटक्यानंतर अनेकांचं पाऊल पुढून लोंबतं आणि बोटं उंबरठ्याला अडकतात.

पण व्हिडिओ काढण्याआधी घर आवरा. पायपुसणं, सतरंजी, दारातली बादली, गुळगुळीत लादीवरची सांडलेली रांगोळी, हे चुकवायला शिकवू नका, सरळ उचला. टॉवेलच्या दांडीला धरून उठत असतील तर ती एक दिवस निखळणार. तिथे भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा हवा. संडासच्या वाटेवर रात्रीचा दिवा ठेवा. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत, त्यामुळे अनवाणी किंवा मोजे घालून चालणं होतं. मोजे लादीवर सटकतात. मागे पट्टा असलेली, तळाला पकड असलेली सँडल फक्त घरात वापरायला वेगळी ठेवा. देवघरापुरती काढायची असेल तर शेजारी बसायला खुर्ची ठेवा, म्हणजे बसूनच काढता-घालता येईल.

आता जे उरलं, ते शिकवायचं.

टप्पा ४ : व्हिडिओ काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोणती हालचाल घरी करायला सुरक्षित आहे, हे फिजिओकडून ठरवून घ्या. शक्यतो त्यांच्या समोरच व्हिडिओ काढा. दोन माणसं हवीत. एकाने पेशंटच्या कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. दुसऱ्याने फक्त चित्रीकरण करायचं. फोन धरणाऱ्याने आधार द्यायचा नाही, आधार देणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. एकच माणूस दोन्ही कामं करायला गेला की कॅमेऱ्यात बघता बघता पेशंट घसरतो. आधार कमरेला किंवा कमरेच्या पट्ट्याला द्या. लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळण्याची भीती असते.

फोन आडवा धरा, कमरेच्या उंचीवर, बाजूने. चेहरा चांगला यावा म्हणून सगळे जवळ जातात आणि पावलंच कापली जातात. पावलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसली पाहिजेत, कारण शिकण्यासारखं सगळं तिथेच घडतं. टाच टेकली का, पाय मागे घेतला का, काठी पायाच्या किती पुढे पडली. पलंगावरून उठण्याचा व्हिडिओ असेल तर पलंगाची कड, काठी ठेवलेली जागा आणि दिव्याचं बटणही चौकटीत येऊ द्या. बघणाऱ्याला आपली खोली ओळखू आली पाहिजे.

एका व्हिडिओत एकच हालचाल, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. आवाज एकाच माणसाचा. मागून ‘अहो सांभाळून’, ‘अगं धर त्यांना’ असा गलका असलेला व्हिडिओ टाकून द्या, पुन्हा काढा. वाक्यं छोटी, आणि घरात जी बोली बोलतात त्याच बोलीत. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी असेल ती. पुस्तकी मराठी नको. फिजिओ रोज जे शब्द वापरतात तेच वापरा, दर वेळी नवे नकोत.

खुर्चीवरून उठण्यासाठी एवढं पुरे:

‘पुढे सरका. दोन्ही पाय मागे घ्या. चांगला हात खुर्चीच्या हातावर दाबा. नाक पुढे. उठा. थांबा.’

शेवटचं ‘थांबा’ विसरू नका. उभं राहिल्याबरोबर पाऊल टाकण्यातच बरेच जण पडतात. व्हिडिओमध्येही दहा अंक मोजून होईपर्यंत उभं राहिलेलं दाखवा.

जिन्यासाठी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. काठी चांगल्या बाजूच्या हातात. घरचे हमखास कमजोर बाजूला काठी देतात, ते चुकीचं आहे.

सावध: पडण्याचा अभिनय करून घेऊ नका, आणि म्हातारी माणसं पडतानाचे व्हिडिओ तर मुळीच दाखवू नका. त्याने धोका समजत नाही, धास्ती बसते. धास्तीने माणूस उठणंच सोडतो. उठणं सोडलं की पायांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका वाढतो. अल्बममध्ये फक्त बरोबर जमलेलीच हालचाल ठेवा.

याला एकच अपवाद. ज्यांना आपल्याला काही झालंय हेच पटत नाही, त्यांच्यापैकी काहींना स्वतःचं चालणं बाहेरून, म्हणजे व्हिडिओत, पाहिल्यावर जाणीव होते. पण ते फिजिओ किंवा डॉक्टर समोर असताना, एकांतात, शांतपणे दाखवायचं. नातवंडांसमोर, ‘बघा, कसे झुकताय’ म्हणत नाही. तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. काढण्याआधी त्यांची परवानगी घ्यायची, हे तर प्रत्येक व्हिडिओला लागू आहे.

टप्पा ५ : दाखवण्याची वेळ आणि बैठक

झटक्यानंतरचा थकवा वेगळाच असतो. तो झोपूनही पुरता जात नाही आणि दुपारनंतर लक्ष टिकत नाही. म्हणून सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर, दहा मिनिटं. त्याहून जास्त नको. हात असलेल्या खुर्चीत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, टीव्ही बंद.

स्क्रीन कुठे ठेवायची? नजर एका बाजूची गेली असेल किंवा एका बाजूकडे दुर्लक्ष होत असेल, तर शिकवताना स्क्रीन चांगल्या बाजूला ठेवा. दुर्लक्ष होणाऱ्या बाजूकडे बघण्याचा सराव हा वेगळा व्यायाम आहे, तो फिजिओ घेतील. दोन्ही एकदम केलंत तर धडाही जातो आणि सरावही.

पहिल्यांदा व्हिडिओ काही न बोलता पूर्ण दाखवा. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत: ‘इथे तुमचा पाय कुठे आहे?’ वाचाघात असेल तर हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, किंवा बोट ठेवायला सांगा. मग लगेच, तिथल्या तिथे, हालचाल करून घ्या. ‘दुपारी करून बघा’ म्हणून सोडून देऊ नका.

एका दिवशी एकच व्हिडिओ. पहिला पक्का झाल्याशिवाय दुसरा काढायचासुद्धा नाही.

टप्पा ६ : ‘कळलं का?’ विचारू नका, करून दाखवायला सांगा

‘कळलं का?’ला आपली माणसं नेहमी ‘हो’च म्हणतात. मुलांना त्रास नको म्हणून म्हणतात, विषय संपावा म्हणूनही म्हणतात. त्याऐवजी म्हणा, ‘आई, तू रात्री संडासला कशी उठतेस ते मला करून दाखव.’ ‘बाबा, मावशी नवीन आहेत, त्यांना काठी कशी धरायची ते दाखवा बरं.’ शिकवणाऱ्याच्या जागी बसवलं की ज्येष्ठांचा मानही राहतो आणि त्यांना किती आलंय तेही स्वच्छ दिसतं.

चढता क्रम असा ठेवा. आधी व्हिडिओ चालू असताना बरोबरीने. मग व्हिडिओ पाहून, बंद करून. मग न पाहता. मग जिथे लागतं त्याच जागी, त्याच वेळी. सकाळी हॉलमध्ये जमलेलं रात्री अंधूक उजेडात, लघवीची घाई असताना जमतंच असं नाही. संध्याकाळी, दमलेले असताना एकदा बघितल्याशिवाय ‘आलं’ म्हणू नका.

मध्ये चुकायला लागले तर चूक पूर्ण होऊ देऊ नका. स्मरणशक्ती कमी झालेल्या माणसाच्या अंगवळणी चूकही तितकीच पडते. पाय पुढेच ठेवून उठायला लागले की हलकेच थांबवा, ‘पाय मागे’ म्हणा, आणि पुन्हा सुरुवातीपासून घ्या. जमलं की अंतर वाढवत न्या: तासाभराने, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग दोन दिवसांनी.

तपासा: ते चालत असताना, शेजारी हात तयार ठेवून, साधा प्रश्न विचारा, ‘आज भाजी कोणती?’ उत्तर द्यायला थांबत असतील तर चालणं आणि बोलणं एकाच वेळी त्यांना झेपत नाही. मग घरात नियमच करा: ते चालत असताना कुणी हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही.

नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवरच ठेवा. न आठवण करता बरोबर केलं त्या दिवशी बरोबरची खूण, आठवण करावी लागली तर ‘आ’. यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही. पुढच्या भेटीत फिजिओला एका नजरेत सगळं कळतं.

टप्पा ७ : आठवणीचा आवाज

आता अलार्म. बहुतेक अँड्रॉइड फोनवर स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज अलार्मला लावता येतो. नेहमी ज्या वेळी उठतात, त्याच्या थोडं आधीचा लावा. शब्द काळजीपूर्वक निवडा. ‘आजी, चल ऊठ’ असं रेकॉर्ड केलंत तर आजी दचकून उठेल. ‘आजी, आधी पलंगावर बस. दिवा लाव. काठी घे.’ असं, सावकाश. आवाज नातवाचा असला तर फारच छान.

अलार्म एक किंवा दोनच. दिवसभर फोन बोलत राहिला की घरातले त्याकडे दुर्लक्ष करतात, आणि पेशंट सगळ्यांत आधी.

पडल्याचं ओळखणारी घड्याळं मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण ती पडणं टाळत नाहीत, पडल्यावर कळवतात. पलंगाला धरून हळूच खाली घसरलेलं त्यांना कळेलच असं नाही. रोज चार्ज करून हातात घालणारं कुणी नसेल तर त्यापेक्षा माणूस जवळ आल्यावर आपोआप लागणारा दिवा संडासच्या वाटेवर लावा. पैसे कमी लागतील, उपयोग जास्त होईल.

टप्पा ८ : पडलेच तर काय, याचाही सराव

फोनच्या पहिल्या स्क्रीनवर दोन माणसांचे फोटो ठेवा, दाबला की थेट फोन लागेल असे. त्यातला एक जवळ राहणारा हवा, पुण्यात आई असताना अमेरिकेतला मुलगा पहिला नको. पलंगावर आडवं राहून, चांगल्या हाताने फोन काढून लावण्याचा सराव खरोखर करून घ्या. बोलता येत नसेल तर ठरवून टाका: या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे शांतता असेल, तर धावत यायचं.

घरच्यांनी आणि मावशींनी लक्षात ठेवायचं: पडलेल्याला झटकन उभं करायचं नाही. शुद्ध, डोकं, कंबर, खुबा बघा. पाय हलवताना खुब्यात कळ येत असेल किंवा एक पाय आखूड, बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी हॉस्पिटलला न्या, कारण आतला रक्तस्राव नंतरही दिसू शकतो. तोंड वाकडं, हातात नवा कमजोरपणा, बोलण्यात नवा फरक दिसला तर हा दुसरा झटका असू शकतो आणि पडणं त्याचंच फळ. अशा वेळी १०८ किंवा ११२. शेवटचं कधी ठीक पाहिलं ती वेळ लिहून द्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

व्हिडिओ कधी बदलायचे

नवी काठी आली, पायाला स्प्लिंट लागला, पलंग हलवला, तर त्या हालचालीचा व्हिडिओ नव्याने काढा आणि जुना पुसून टाका. दोन वेगवेगळे व्हिडिओ अल्बममध्ये राहिले की गोंधळ होतो. नवीन मावशी कामाला आल्या की पहिल्या दिवशी त्यांना हा अल्बम दाखवा, आणि त्यांच्याकडूनही करून घ्या.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर तिथली मोरी, संडास आणि उंबरठ्याचे फोटो आधी मागवून घ्या आणि फिजिओला दाखवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची सामानात घ्या. गावी पोचल्यावर पाहुण्यांची गर्दी होण्याआधी, उजेड आहे तोवर, रात्रीच्या वाटेचा नवा व्हिडिओ काढा आणि त्याच वाटेवरून दोनदा चालवून घ्या.